ईमेलवर सही आणि एन्क्रिप्शन: पीजीपी घेऊ की एस-माइम?

धुंडाळ्या

मंडळी, ईमेलवर डिजिटल सही आणि एन्क्रिप्शन (मजकूर दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही असा बंद करणं) सुरू करायचंय, आणि जेवढं वाचतोय तेवढा गोंधळ वाढतोय म्हणून शेवटी इथे धागा काढतो.

आमचा एक छोटा ओपन सोर्स प्रोजेक्ट आहे, सात-आठ जण, सगळे आपापल्या घरून काम करतात, प्रत्यक्ष भेटगाठ फारशी नाही. आमचे मेल साधारण तीन तऱ्हेचे असतात. नवीन व्हर्जन आलं की घोषणेचा मेल जातो, त्यात लपवण्यासारखं काही नाही पण तो आमच्याकडूनच आलाय हे लोकांना कळायला हवं. मग बाहेरचे लोक सिक्युरिटीची भोकं कळवतात, ते मेल दुरुस्ती होईपर्यंत कोणाच्या हाती पडू नयेत. आणि तिसरं म्हणजे वकील आणि हिशेब बघणारे यांच्याशी कागदपत्रांची देवाणघेवाण, ही मंडळी आउटलुकच्या बाहेर पाऊल टाकणार नाहीत हे गृहीतच धरा.

मी थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम वापरतो. त्यात सेटिंगमध्ये ओपनपीजीपी (पीजीपीचं खुलं प्रमाण) पण दिसतं आणि एस-माइम पण दिसतं, दोन्ही ह्याच कामाच्या वेगवेगळ्या पद्धती. दोघांतलं कुठलं घ्यायचं? शिवाय पीजीपीत परत इनलाइन आणि पीजीपी-माइम असे दोन पोटप्रकार आहेत म्हणे. आणि प्रत्येक मेलवर सही करावी का गरज असेल तिथेच? जाणकारांनी जरा प्रकाश टाका, कमांड वगैरे नंतर बघू, आधी निवड कशी करायची ते सांगा.

किल्लीबहाद्दर

तुझा गोंधळ होतोय कारण तू सही आणि एन्क्रिप्शन एकाच वाक्यात विचारतोयस. दोन्ही निर्णय वेगळे आहेत आणि वेगवेगळ्या माणसांवर अवलंबून आहेत.

सही तू तुझ्या प्रायव्हेट कीने (फक्त तुझ्याकडे राहणारी गुप्त किल्ली) करतोस, त्यासाठी समोरच्याकडे काहीही असायची गरज नाही, त्याला तपासायची असेल तर तो तपासेल नाहीतर नुसता मेल वाचेल. एन्क्रिप्शन मात्र समोरच्याच्या पब्लिक कीने (त्याच जोडीतली, सगळ्यांना देता येणारी किल्ली) होतं, म्हणजे त्याने आधीच किल्ल्यांची जोडी बनवलेली पाहिजे, ती त्याच्या मेल प्रोग्रामात बसवलेली पाहिजे आणि त्याची पब्लिक की तुझ्यापर्यंत खात्रीशीर पोचलेली पाहिजे. यातलं एक जरी नसेल तर तू कितीही शिकलास तरी उपयोग शून्य. त्यामुळे एन्क्रिप्शनसाठी कुठलं चांगलं हा प्रश्नच नाही, समोरच्याकडे काय आहे हा प्रश्न आहे.

तुझ्या वकिलांकडे आउटलुक आहे ना, मग तिथे एस-माइम, विषय संपला. ऑफिसवाल्या आउटलुकमध्ये ते आतच असतं, ॲपलच्या मेलमध्ये आणि आयफोनमध्येही आतच असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही, फक्त सर्टिफिकेट लागतं, म्हणजे ही पब्लिक की ह्याच पत्त्याची असा तिसऱ्या संस्थेचा शिक्का. आणि सिक्युरिटीची भोकं कळवणारी जमात बघशील तर ती पीजीपीवालीच असते, त्यांना तू सर्टिफिकेट दाखवलंस तर ते विचारतील पब्लिक की कुठेय. तिथे ओपनपीजीपी.

दोन्ही एकाच पत्त्यावर ठेवता येतात, त्याला कोणाची हरकत नाही. थंडरबर्डमध्ये अकाउंटच्या एंड-टू-एंड एन्क्रिप्शनच्या पानावर दोन्ही बसव, नेहमीचं कुठलं ते ठरव, आणि मेल लिहिताना त्या मेलपुरतं बदलता येतं. एकाच मेलवर दोन्ही एकदम मात्र चालत नाहीत, म्हणजे टू मध्ये एक पीजीपीवाला आणि एक एस-माइमवाला असेल तर दोन मेल पाठवावे लागतात. वैताग आहे पण आहे असं आहे.

शंकासूर

नेहमीचा प्रश्न: ईमेलच का? सिक्युरिटीची गुप्त माहिती आहे तर सिग्नलवर बोला ना.

ईमेल एन्क्रिप्शनमध्ये विषयाची ओळ बहुतेक वेळा उघडीच राहते, कोणी कोणाला कधी पाठवलं ते तर राहतंच राहतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, एकच किल्ली वर्षानुवर्षं वापरायची, ती उद्या चोरीला गेली तर आजपर्यंत ज्याने ज्याने जुने एन्क्रिप्टेड मेल साठवून ठेवलेत त्याला ते सगळे वाचता येणार. सिग्नलमध्ये किल्ल्या सतत बदलत राहतात त्यामुळे आजची किल्ली मिळाली म्हणून मागचं उघडत नाही. वर २०१८ चा ईफेल नावाचा हल्ला आठवतोय का, त्यात पीजीपी आणि एस-माइम दोघांचीही अब्रू गेली होती.

एवढा खटाटोप करून मिळतं काय नक्की?

टर्मिनलमामा

शंकासूर, तुमचं म्हणणं चूक नाही, दोन मित्रांना गप्पा मारायच्या असतील तर मी पण सिग्नलच सांगेन. पण इथे अनोळखी माणूस प्रोजेक्टला पहिल्यांदाच लिहितोय, त्याच्याकडे कोणाचा सिग्नलवरचा पत्ता नाही आणि त्याला स्वतःचं खातं उघडायचंही नसेल. शिवाय घोषणेचा मेल हजार लोकांना जातो आणि पाच वर्षांनी कोणीतरी जुन्या संग्रहातून तो काढून सही तपासतो, ते काम चॅट ॲपचं नाही. आणि जुने मेल पुन्हा वाचता यायलाच हवेत ही वकिलांची गरज असते, त्यामुळे जो तुम्हाला दोष वाटतो तो त्यांच्या दृष्टीने सोय आहे.

ईफेलबद्दल जरा नीट सांगतो कारण तेव्हा मथळे असे आले होते की जणू पीजीपीच फुटलं. मे २०१८ मध्ये ते बाहेर आलं. त्यातली एक तऱ्हा अशी होती की हल्लेखोराने तुमचा जुना एन्क्रिप्टेड मेल कुठूनतरी मिळवायचा, तो एका एचटीएमएल मेलच्या पोटात असा ठेवायचा की त्याच्या आधी एका चित्राचा अर्धवट पत्ता असेल, आणि तो मेल तुम्हालाच पाठवायचा. तुमचा मेल प्रोग्राम इमानदारीत मधला भाग उलगडतो, सगळं एकत्र जोडतो आणि ते चित्र आणायला निघतो, आणि उलगडलेला मजकूर त्या पत्त्यातच चिकटून हल्लेखोराच्या सर्व्हरवर जातो. यात गणित फुटलं नाही, मेल प्रोग्रामांनी माती खाल्ली. दुसऱ्या तऱ्हेत एन्क्रिप्टेड मजकुरातच फेरफार केला जायचा. ओपनपीजीपीत असा फेरफार ओळखायची सोय आधीपासून होती पण काही प्रोग्राम इशारा आला तरी मजकूर दाखवायचे. एस-माइमच्या नेहमीच्या एन्क्रिप्शनमध्ये तर तशी सोयच नव्हती, २०१९ च्या ४.० आवृत्तीत ती प्रमाणात घेतली गेली, पण जग अजून जुन्या पद्धतीवर बरंच चालतंय.

तेव्हा धुंडाळ्या, पहिलं काम: एन्क्रिप्टेड मेलसाठी बाहेरची चित्रं आपोआप आणणं बंद, आणि जमलं तर एचटीएमएलच बंद करून साध्या मजकुरात वाच.

आता इनलाइन की पीजीपी-माइम. पीजीपी-माइम. यात मला चर्चाही करावीशी वाटत नाही पण कारणं देतो. इनलाइनमध्ये मेलच्या मजकुरातच वरखाली त्या रेघांच्या ओळी येतात आणि सही खाली अक्षरांच्या ढिगाऱ्यासारखी दिसते. जोडलेल्या फाइली त्या सहीत येतच नाहीत, त्या वेगळ्या सही कराव्या लागतात आणि ते कोणी करत नाही, म्हणजे वाचणाऱ्याला वाटतं अख्ख्या मेलवर सही आहे आणि प्रत्यक्षात कोणीही वाटेत फाइल बदलली तरी सही बरोबरच दाखवणार. मग मजकुराचं एन्कोडिंग, देवनागरीत लिहिलेला मेल असेल तर इनलाइनमध्ये वाटेतल्या एखाद्या सर्व्हरने किंवा प्रोग्रामने ते बदललं, ओळी मोडल्या, की सही चुकीची. डॅशने सुरू होणाऱ्या ओळींपुढे आणखी एक डॅश लागतो ते वेगळंच. पीजीपी-माइममध्ये मेलचा आख्खा भाग फाइलींसकट सही होतो, आणि सही करण्याआधीच तो अशा रूपात बसवला जातो की वाटेतले सर्व्हर त्याला हात लावणार नाहीत. हे प्रमाण १९९६ मध्ये पहिल्यांदा आलं आणि २००१ मध्ये सुधारलं, म्हणजे नवीन काही नाही, तरी अजून लोक इनलाइन कुरवाळत बसतात.

अर्धवट_अभियंता

मामा, एक बाजू इनलाइनची पण सांगतो. काही ऑफिसांचे मेल सर्व्हर पीजीपी-माइमची रचनाच उलटीपालटी करतात, आतला भाग साधी अटॅचमेंट म्हणून पोचतो आणि समोरचा म्हणतो मेल रिकामा आलाय. ज्याच्याकडे फक्त वेबमेल आहे आणि तो मजकूर कॉपी करून दुसऱ्या प्रोग्रामात उलगडतो त्याला इनलाइनच बरं पडतं. त्यामुळे येणारा मेल इनलाइन असेल तर वाचता यायला पाहिजे, पाठवताना मात्र मामा म्हणतात तेच.

आणि घोषणेच्या मेलबाबत एक वेगळं मत: मेलवरच्या सहीवर फार विसंबू नका. मेलिंग लिस्टचे प्रोग्राम मेलच्या शेवटी स्वतःची तळटीप चिकटवतात, काही लिस्ट अटॅचमेंट काढून टाकतात आणि सही नेमकी अटॅचमेंटच असते. मग निम्म्या लोकांना सही तुटलेली दिसणार आणि ती बघून घाबरून तेच तुम्हाला मेल करणार. खरी सही डाउनलोडच्या फाइलीवर करा, वेगळी सहीची फाइल बाजूला ठेवा, मेलवरची असली तर असू दे.

टर्मिनलमामा

फाइलीवर सही हवीच, त्यावर दुमत नाही. लिस्टची तळटीप मात्र बंद करता येते, लिस्ट त्यांची स्वतःचीच आहे ना.

धुंडाळ्या

बाप रे, भरपूर मिळालं, आभार. लिस्ट आमचीच आहे, तळटीप काढून टाकतो.

आता एस-माइमचं सर्टिफिकेट कुठून आणि कसं घ्यायचं यावर कोणी सांगेल का? एका ठिकाणी बघितलं तर त्यांनी सरळ पासवर्डवाली एक फाइल डाउनलोड करायला दिली, आत सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की दोन्ही. हे असं चालतं? आणि प्रत्येक मेलवर सही करायची का, हे राहिलंच.

मेलताई

मी एका ऑफिसात मेलची व्यवस्था बघते, आमच्याकडे सगळं एस-माइमच आहे, त्यामुळे ह्यावर बोलते, पीजीपीतलं मला मामांइतकं कळत नाही.

आधी तुझ्या त्या फाइलीबद्दल. प्रायव्हेट की जर देणाऱ्याने त्याच्या सर्व्हरवर बनवली असेल तर ती काही काळ तरी त्याच्या हातात होती, मग भले तो म्हणो की आम्ही ठेवत नाही. चालतं का, तर मेल प्रोग्रामला चालतं. तुला चालतं का ते तू ठरव. योग्य रीत अशी की किल्ली तुझ्या मशीनवर तयार करायची, त्यातून फक्त मागणीची फाइल सर्टिफिकेट देणाऱ्याकडे पाठवायची, त्याने त्यावर शिक्का मारून परत द्यायचं. ही सोय देणारे आहेत, जरा शोधून घे. वकिलांना पाठवायच्या कागदांसाठी मी तरी दुसऱ्याने बनवलेली किल्ली घेणार नाही.

सर्टिफिकेटांतही पायऱ्या असतात. सगळ्यात साध्या प्रकारात फक्त एवढंच तपासलेलं असतं की हा मेलबॉक्स तुझ्या ताब्यात आहे. वरच्या प्रकारांत माणसाचं किंवा संस्थेचं नाव कागदपत्रांवरून तपासतात. आधी ज्याला जसं वाटेल तसं चालायचं, १ सप्टेंबर २०२३ पासून ब्राउझरवाल्यांच्या आणि सर्टिफिकेटवाल्यांच्या फोरमचे मेलसाठीचे नियम लागू झालेत, त्यात हे प्रकार नीट ठरवलेत आणि मुदतही आता सव्वादोन वर्षांच्या पुढे जात नाही.

ह्या मुदतीवरून सगळ्यात जास्त लोक अडकतात. सर्टिफिकेटची मुदत संपली, नवीन आलं, की माणूस स्वच्छता म्हणून जुनं काढून टाकतो. आणि मग मागचे सगळे एन्क्रिप्टेड मेल कायमचे बंद, कारण ते जुन्या किल्लीने बंद केलेत. आमच्याकडे एका मॅनेजरांनी असंच केलं आणि मग दोन दिवस माझ्या टेबलापाशी उभे, मी काय करणार, किल्लीच नाही तर मेल उघडणार कुठून. मुदत संपलेलं सर्टिफिकेट नवीन मेलसाठी वापरायचं नसतं पण त्याची प्रायव्हेट की जपून ठेवायची असते, त्या मेलांची गरज आहे तोपर्यंत. बॅकअप पासवर्डसकट बाहेर एका ठिकाणी ठेव.

बाकी एस-माइमचा एक गुण मला फार आवडतो. तू नुसता सही केलेला मेल पाठवलास की सर्टिफिकेट त्याच्यासोबत जातंच, समोरच्याचा प्रोग्राम ते ठेवून घेतो आणि तो लगेच तुला एन्क्रिप्ट करून उत्तर देऊ शकतो. त्यामुळे वकिलांना सांगायचं एवढंच, मला एक सही केलेला मेल पाठवा. त्यांनी पाठवला की झालं, दोन्ही बाजू तयार. मात्र आउटलुकमध्ये सही करताना मजकूर साधा ठेवून सही पाठवायचा एक पर्याय असतो, तो चालूच ठेवायला सांग, नाहीतर ज्यांच्याकडे एस-माइम नाही त्यांना मेलऐवजी एक न उघडणारी फाइल तेवढी दिसते.

प्रत्येक मेलवर सही? ऑफिसात आम्ही करतो, कारण कोणीतरी साहेबांच्या नावाने पैसे वळते करा असा मेल पाठवला तर सही नाही एवढ्यावरून लोक सावध होतात. पण हे तेव्हाच होतं जेव्हा सही कायम असते. कधी असते कधी नसते, मग तिच्या नसण्याकडे कोणी बघतच नाही.

शंकासूर

ताई, बरोबर, पण सही म्हणजे नंतर नाकारता न येणारा कागद हे पण लोकांना सांगा. गप्पांत लिहिलेलं वाक्य, चिडून लिहिलेलं वाक्य, सगळ्यावर आपली सही. समोरच्याने ते तिसऱ्याला दाखवलं तर तिसरा पण तपासू शकतो. मी तरी रोजच्या मेलवर सही करत नाही, घोषणा, करार, पैशाचं काही असेल तरच. आणि डोमेनच्या सर्व्हरची डीकेआयएम सही तर बहुतेक मेलवर तशीही असतेच.

किल्लीबहाद्दर

डीकेआयएम सांगतं की मेल ह्या डोमेनवरून निघाला, कोणत्या माणसाने लिहिला ते नाही. कोणी तुझा पासवर्ड चोरून तुझ्याच अकाउंटवरून मेल टाकला तरी डीकेआयएम हसत हसत बरोबर येणार. प्रायव्हेट की तुझ्या मशीनवर असेल तर त्या चोराला सही जमणार नाही, फरक तिथे आहे.

सहीबद्दलची अजून एक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत असते. पीजीपी असो की एस-माइम, सही सहसा मजकुरावर असते, टू आणि विषयाच्या ओळीवर नाही. आधी सही मग एन्क्रिप्शन असा क्रम असतो. समज तू मला सही करून एन्क्रिप्ट करून लिहिलंस, "ठीक आहे, मान्य, उद्यापासून सुरू करा". मी ते उलगडलं, आतला तुझा सही केलेला भाग तसाच ठेवला, मेलताईंच्या किल्लीने पुन्हा एन्क्रिप्ट केला आणि तुझ्या नावाने त्यांना पाठवला. त्यांच्याकडे काय दिसणार? एन्क्रिप्टेड मेल, तुझी सही शंभर टक्के बरोबर, आणि तू त्यांना काहीतरी मान्य केलंयस. ओपनपीजीपीच्या २०२४ च्या प्रमाणात सहीमध्येच मेल कोणासाठी होता ते नोंदवायची सोय आहे पण सगळे प्रोग्राम ती वापरतात असं नाही. त्यामुळे साधा उपाय: महत्त्वाच्या मेलमध्ये मजकुरातच कोणाला, कोणत्या तारखेला, कशाबद्दल ते लिहायचं. जुन्या पत्रांसारखं वर नाव गाव तारीख घालून. नुसतं "ओके, चालेल" वर सही करू नये.

अर्धवट_अभियंता

बीसीसीचं पण सांगून टाकतो. एन्क्रिप्ट केलेल्या मेलमध्ये कोणाकोणाच्या किल्लीने बंद केलंय त्याची यादी आत असते, म्हणजे बीसीसीत टाकलेल्या माणसाची किल्ली पण त्यात दिसते आणि थोडं खणलं की नाव कळतं. जीपीजीमध्ये (ओपनपीजीपीचा नेहमीचा मोफत प्रोग्राम) किल्लीचा क्रमांक लपवायचा पर्याय आहे, एस-माइममध्ये त्यापेक्षा सरळ वेगळा मेल पाठवणं बरं.

आणि विषयाची ओळ. थंडरबर्ड ओपनपीजीपीत विषय पण आत घालून एन्क्रिप्ट करतं आणि बाहेर तीन टिंबं ठेवतं, पण समोरच्याच्या प्रोग्रामला ते कळत नसेल तर त्याला ती टिंबंच दिसतात. तेव्हा गुप्त गोष्ट विषयात लिहूच नका.

धुंडाळ्या

बीसीसीचं आणि ते सही पुढे ढकलायचं प्रकरण माझ्या डोक्यातही आलं नसतं. मेलताई, सर्टिफिकेट किल्ली स्वतः बनवूनच घेतो.

पीजीपीचं एकच राहिलं. सिक्युरिटीवाल्यांना आमची पब्लिक की मिळणार कशी? कीसर्व्हरवर (पब्लिक की ठेवायच्या सार्वजनिक सर्व्हरवर) टाकली की झालं का? आणि किल्ली कुठल्या प्रकारची बनवू, जुनी आरएसए पद्धतीची का ती नवीन वक्रवाली (एलिप्टिक कर्व्ह)?

टर्मिनलमामा

कीसर्व्हरवर टाकणं म्हणजे झालं असं नाही. जुने कीसर्व्हर कोणीही कोणाच्याही नावाची किल्ली घ्यायचे आणि एकदा टाकलेलं काढता यायचं नाही. २०१९ च्या जूनमध्ये कोणीतरी ओपनपीजीपीवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या दोघांच्या किल्ल्यांवर लाखाच्या वर खोट्या सह्या चिकटवल्या, ती किल्ली जीपीजीने आणायला घेतली की प्रोग्रामच लटकायचा. त्यानंतर जीपीजीने कीसर्व्हरवरून येणाऱ्या इतरांच्या सह्या घेणंच बंद केलं, आणि त्या जुन्या कीसर्व्हरांच्या जाळ्याचा (एसकेएस) सामायिक पत्ता २०२१ मध्ये बंद झाला. आता कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ओआरजी वापर, तिथे ईमेल पत्त्यावर मेल पाठवून खात्री करतात, मगच त्या पत्त्याखाली किल्ली सापडते, आणि तो पत्ता काढताही येतो.

त्याहून चांगलं, डोमेन तुमचंच आहे ना, मग डब्ल्यूकेडी लाव. म्हणजे वेबसाइटवर एका ठरलेल्या जागी पब्लिक कीची फाइल ठेवायची, समोरच्याचा प्रोग्राम ईमेल पत्त्यावरून तिथे जाऊन स्वतः आणतो. पहिल्यांदा लावताना जरा डोकं खातं, नंतर हात लावावा लागत नाही. आणि वेबसाइटवर सिक्युरिटीच्या पानावर पूर्ण फिंगरप्रिंट, म्हणजे किल्ली ओळखायचा लांबलचक क्रमांक, छाप. पूर्ण म्हणजे पूर्ण, चाळीस अक्षरी. शेवटची आठ अक्षरं देऊन मोकळे होणारे अजून आहेत, पण तेवढी आठ जुळणारी दुसरी किल्ली साध्या ग्राफिक कार्डावर काही सेकंदांत बनते हे २०१४ मध्येच दाखवून झालंय, आणि २०१६ मध्ये लिनक्स कर्नलवाल्यांच्या नावाच्या तशा खोट्या किल्ल्या कीसर्व्हरवर सापडल्या पण होत्या.

एक लक्षात घे, एस-माइमसारखं पीजीपीच्या सहीसोबत किल्ली जात नाही, नुसता तिचा क्रमांक जातो. थंडरबर्डमध्ये सही करताना पब्लिक की जोडायचा पर्याय आहे, तो चालू ठेव. ऑटोक्रिप्टचा हेडर (मेलच्या वरच्या, सहसा न दिसणाऱ्या नोंदींतली एक) पण हेच काम गुपचूप करतो.

प्रकार म्हणशील तर वक्रवालीच घे, एड-२५५१९, जीपीजी २.३ पासून तीच ठरलेली आहे. कोणी फार जुन्या प्रोग्रामवाला असेल तर आरएसए ३०७२. पण त्याहून महत्त्वाचं, किल्ली चौथ्या आवृत्तीची घे. २०२४ च्या नवीन प्रमाणात सहावी आवृत्ती आलीय, पण जीपीजीवाले त्या वाटेने न जाता लिब्रेपीजीपी नावाच्या वेगळ्या वाटेने गेलेत, म्हणजे सहावी घेतलीस तर निम्म्या लोकांना एन्क्रिप्टच करता येणार नाही. ही भांडणं मिटेपर्यंत चौथी सगळ्यांना कळते. मुदत एक-दोन वर्षांची घाल, ती संपत आली की त्याच किल्लीची वाढवता येते, सर्टिफिकेटसारखी नवीन घ्यावी लागत नाही. आणि किल्ली रद्द झाली असं जाहीर करायचं जे सर्टिफिकेट जीपीजी बनवतं ते किल्लीपासून लांब कुठेतरी ठेव.

मेलताई

मामा, त्यांच्याकडे सात-आठ जण आहेत आणि सिक्युरिटीचा पत्ता एकच असणार. ती प्रायव्हेट की सगळ्यांना वाटायची का मग?

टर्मिनलमामा

चांगला मुद्दा. मी वाटणार नाही. एक माणूस गट सोडून गेला की त्याच्याकडची किल्ली परत घेता येत नाही, मग सगळ्यांनाच नवीन. त्यापेक्षा दोघांच्या किंवा तिघांच्या स्वतःच्या पब्लिक की पानावर द्याव्यात आणि लिहावं की ह्या सगळ्यांना एकदम एन्क्रिप्ट करा. कळवणाऱ्याला थोडा त्रास आहे पण एक जण सुट्टीवर असला तरी दुसरा वाचतो.

अर्धवट_अभियंता

अनुभव असा की कळवणारे तीनपैकी एकालाच एन्क्रिप्ट करतात आणि तोच नेमका सुट्टीवर असतो 😄 सामायिक किल्ली आणि माणूस गेला की बदल, हेही बरेच प्रोजेक्ट करतात. ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. सामायिक केलीत तर मुदत छोटी ठेवा.

किल्लीबहाद्दर

आणि उत्तर देताना सांभाळा. एन्क्रिप्टेड मेल आला, एकाने फोनवरून साध्या मेलने "मिळालं, बघतो" असं कळवलं आणि खाली आख्खा मजकूर उद्धृत होऊन गेला, असं मी एकाहून जास्त ठिकाणी बघितलंय. ड्राफ्ट पण सर्व्हरवर उघडे साठतात, थंडरबर्डमध्ये ते एन्क्रिप्ट करून ठेवायची सेटिंग आहे, ती तपास.

धुंडाळ्या

ठरलं असं: वकील आणि हिशेबवाल्यांशी एस-माइम, आधी त्यांच्याकडून सही केलेला मेल मागवतो. सिक्युरिटीला ओपनपीजीपी, पीजीपी-माइम, तिघांच्या चौथ्या आवृत्तीच्या किल्ल्या, डब्ल्यूकेडी आणि पानावर पूर्ण फिंगरप्रिंट. सामायिक किल्लीवर गटात अजून वाद चालू आहे, बघू. घोषणेला फाइलीवर सही आणि मेलवर पण. रोजच्या मेलवर सही करायची का यावर शंकासूर आणि ताई दोघांचंही पटतंय, त्यामुळे गटापुरती सही कायम आणि बाहेर गरजेपुरती.

आमच्यातले दोघं फक्त फोनवरून मेल बघतात, एकाकडे अँड्रॉइड, एकीकडे आयफोन, त्यांचं काय?

अर्धवट_अभियंता

अँड्रॉइडवर थंडरबर्ड आहे, जुनं के-नाइन तेच, त्याला ओपनकीचेन जोडलं की पीजीपी चालतं, एस-माइम नाही. दोन्ही हवं असेल तर फेअरईमेल. आयफोनच्या स्वतःच्या मेलमध्ये एस-माइम आहे, पीजीपी नाही, त्यासाठी वेगळं ॲप लागेल. पण मला विचारशील तर सिक्युरिटीच्या पत्त्याची किल्ली कोणाच्याच फोनवर टाकू नकोस, तिघांत ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनाच घे.

धुंडाळ्या

हे बरं झालं, म्हणजे तिघं कोण ते पण ठरलं.